किमान, कमाल आणि पोकळ टिंब

आपल्या घरात महिन्या-दोन महिन्यांनी एखादा तरी अटींचा कागद येतोच. शाळा-कॉलेजच्या प्रवेशाचा फॉर्म, शिष्यवृत्तीची सूचना, नोकरभरतीची जाहिरात, बँकेच्या कर्जाचे नियम. या सगळ्या कागदांवर काही शब्द ठरलेले असतात : किमान, कमाल, पेक्षा कमी, पर्यंत, अधिक नसावे. आपण कागद घाईने वाचतो आणि त्यातली रक्कम किंवा वय तेवढे लक्षात ठेवतो. पुढचा-मागचा शब्द निसटून जातो. पण पात्र कोण आणि अपात्र कोण हे ठरते त्या निसटलेल्या शब्दावर.

हे शब्द गणिताचे आहेत. आठवी-नववीच्या पुढे मुले जे बीजगणित शिकतात, त्यात या शब्दांना चिन्हे आहेत आणि त्यांचे चित्र काढण्याची एक सोपी रीत आहे. मुले ती परीक्षेपुरती पाठ करतात आणि विसरतात. आईबापांना वाटते, हे आपल्या कामाचे नाही. म्हणून या वेळी सदरात हाच विषय घेतला आहे. वही, पेन्सिल आणि पट्टी जवळ घ्या. मुलगा किंवा मुलगी शेजारी बसली असेल तर फारच चांगले.

समीकरण आणि असमानता

समीकरणात दोन्ही बाजू सारख्या असतात. क्ष + २ = ७ म्हटले की क्ष म्हणजे ५. उत्तर एकच, प्रश्न संपला.

असमानतेत एक बाजू लहान आणि एक मोठी असते. समाजातली विषमता आपण चांगली ओळखतो. इथली असमानता मात्र निव्वळ आकड्यांची आहे. खिशात २०० रुपये आहेत आणि एक वही ४० रुपयांची आहे. किती वह्या घेता येतील? पाच घेता येतील, चार घेता येतील, एकही न घेता परत येता येईल. सहा मात्र घेता येणार नाहीत. म्हणजे इथे उत्तरांचा एक गटच मिळतो. तो गट कुठे सुरू होतो, कुठे संपतो आणि टोकाचा आकडा गटात धरायचा की नाही, एवढेच असमानतेत पाहायचे असते.

चिन्हे चार आहेत. < म्हणजे पेक्षा लहान. > म्हणजे पेक्षा मोठा. ≤ म्हणजे लहान किंवा तेवढाच. ≥ म्हणजे मोठा किंवा तेवढाच. चिन्हाचे उघडे तोंड नेहमी मोठ्या आकड्याकडे असते, हे मुलांना सांगितले की ती चुकत नाहीत. यांतली पहिली दोन चिन्हे इंग्लंडच्या थॉमस हॅरियट यांच्या पुस्तकातून पुढे आली. ते पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, १६३१ साली छापले गेले. 'तेवढाच' हे सुचवण्यासाठी खाली रेघ देण्याची पद्धत फ्रान्सच्या पिएर बूगेर यांनी १७३४ मध्ये वापरली. म्हणजे ती खालची बारीक रेघ यायला शंभरावर वर्षे गेली. ती किती महत्त्वाची आहे ते पुढे येईलच.

संख्यारेषा काढू या

पट्टीने एक आडवी रेघ ओढा. दोन्ही टोकांना बाण करा, कारण आकडे दोन्हीकडे न संपणारे आहेत. मध्ये शून्य. उजवीकडे सारख्या अंतरावर १, २, ३ आणि डावीकडे −१, −२, −३. अंतरे सारखीच हवीत. मुले इथेच आळस करतात आणि मग पुढचे सगळे वाकडे होते.

शून्याच्या डावीकडचे आकडे ऐकले की बरेच जण गांगरतात. पण त्यांचे नाव तर आपल्या ओळखीचे आहे. ब्रह्मगुप्त यांनी इ.स. ६२८ मध्ये आपल्या ग्रंथात अशा संख्यांचे नियम सांगितले, तेव्हा धन आणि ऋण हेच शब्द वापरले. धन म्हणजे जवळ असलेले, ऋण म्हणजे देणे. उधारीची वही ज्याने पाहिली आहे त्याला ऋण संख्या वेगळी शिकवावी लागत नाही. पुढे १६८५ मध्ये इंग्लंडच्या जॉन वॉलिस यांनी एका रेषेवर चालणाऱ्या माणसाचे उदाहरण दिले. तो पाच यार्ड पुढे गेला आणि आठ यार्ड मागे आला, तर निघाल्या जागेच्या तीन यार्ड मागे उभा राहील. तीच जागा −३.

रेषेचा नियम एकच : उजवीकडचा आकडा मोठा, डावीकडचा लहान. म्हणून −५ हा −३ पेक्षा लहान. पाच हजारांचे देणे असलेला माणूस तीन हजारांचे देणे असलेल्यापेक्षा जास्त अडचणीत असतो, हे कोणत्याही घरात पटेल.

आता क्ष > २ दाखवायचे आहे. २ या जागी एक पोकळ टिंब काढा, म्हणजे छोटे रिकामे वर्तुळ. तिथून उजवीकडे रेघ ठळक करा आणि शेवटी बाण द्या. टिंब पोकळ, कारण २ स्वतः गटात नाही. २ च्या पुढचे सगळे आले, अगदी अडीचसुद्धा, सव्वादोनसुद्धा. क्ष ≥ २ असेल तर चित्र तेच, फक्त टिंब पेन्सिलीने पूर्ण भरायचे. भरीव टिंब म्हणजे दोनलाही आत घेतले.

सगळा विषय या दोन टिंबांत आहे. पोकळ म्हणजे उंबऱ्याबाहेर, भरीव म्हणजे घरात.

वह्यांच्या उदाहरणात मात्र ठळक रेघ ओढू नका. साडेतीन वह्या कोणी विकत नाही. तिथे ०, १, २, ३, ४, ५ या जागी सहा भरीव टिंबे तेवढी येतील. वय, पैसा, वजन, तापमान यांना मधले आकडे असतात, त्यांना रेघ. माणसे, वह्या, खुर्च्या मोजून होतात, त्यांना टिंबे. परीक्षेत या फरकाचे गुण जातात.

रेल्वेचे अर्धे तिकीट

गावी जाताना दरवर्षी घरात होणारा वाद घ्या. पोराचे तिकीट काढायचे की नाही? रेल्वेचा नियम असा : ५ वर्षांखालील मुलाला तिकीट लागत नाही. ५ वर्षे पूर्ण झाल्यापासून १२ वर्षांखालील मुलाला अर्धे तिकीट. १२ पूर्ण झाली की पूर्ण. आरक्षणाच्या डब्यात मुलासाठी स्वतंत्र बर्थ घेतला तर मात्र २१ एप्रिल २०१६ पासून पूर्ण भाडे पडते.

हे रेषेवर काढा. शून्यापासून ५ पर्यंत एक रेघ, ५ वर पोकळ टिंब. ५ पासून १२ पर्यंत दुसरी रेघ, ५ वर भरीव आणि १२ वर पोकळ. तिसरी रेघ १२ वर भरीव टिंबाने सुरू होऊन उजवीकडे. चिन्हांत लिहायचे तर क्ष < ५, मग ५ ≤ क्ष < १२, मग क्ष ≥ १२. आता नीट पाहा. एका गटाने जिथे पोकळ टिंब सोडले आहे तिथेच दुसऱ्याने भरीव टिंब ठेवले आहे. त्यामुळे कोणतेही मूल दोन गटांत सापडत नाही आणि कोणतेही मूल दोन्हींच्या बाहेर राहत नाही. चांगला लिहिलेला नियम असा असतो. पाचव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी तिकीट नाही, वाढदिवसाच्या दिवशी अर्धे. टी.सी.शी हुज्जत घालण्याचे काही कारणच उरत नाही.

'नसावे' या शब्दाची ताकद

आता कागदावरचे शब्द आणि टिंबे यांची गाठ घालू.

'५० पेक्षा कमी' म्हटले की ५० वर पोकळ टिंब. '५० पेक्षा जास्त' म्हटले तरी पोकळ. पण '५० पेक्षा जास्त नसावे' म्हटले की काय होते? जास्त तेवढे चालत नाही, बाकी सगळे चालते. बाकी सगळ्यात ५० स्वतः येतो. म्हणून टिंब भरीव आणि रेघ डावीकडे. तसेच '१८ पेक्षा कमी नसावे' म्हणजे १८ वर भरीव टिंब आणि रेघ उजवीकडे. थोडक्यात, 'नसावे' हा शब्द दिशा उलटी करतो आणि टिंब भरतो. हे एक वाक्य घरातल्या सर्वांनी पाठ करावे.

'किमान' म्हणजे भरीव टिंब, रेघ उजवीकडे. 'कमाल' म्हणजे भरीव टिंब, रेघ डावीकडे. 'पर्यंत' म्हणजे बहुधा भरीव. 'खालील' पोकळ. 'वरील' पोकळ, पण 'व त्यावरील' असेल तर भरीव. आणि बोलण्यातला 'आत' हा शब्द फसवा आहे. 'पन्नासच्या आत' यात पन्नास धरला की नाही हे बोलणाऱ्यालाही ठाऊक नसते. खिडकीवर कोणी 'आत पाहिजे' असे म्हणाले तर मूळ कागदावरचा शब्द पाहिल्याशिवाय परत फिरू नये.

हे एवढे आवर्जून सांगण्याचे कारण आहे. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी दहावीनंतरची जी केंद्राची शिष्यवृत्ती आहे, तिच्या २०२१-२२ ते २०२५-२६ या काळासाठीच्या नियमांत आईवडिलांचे सर्व मार्गांनी मिळणारे वार्षिक उत्पन्न २,५०,००० रुपयांपेक्षा अधिक नसावे अशी अट आहे. 'अधिक नसावे'. म्हणजे अडीच लाखांवर भरीव टिंब.

आमच्या वस्तीतले एक गृहस्थ रात्रपाळीला वॉचमन आहेत. मुलगी अकरावीला गेली. उत्पन्नाचा दाखला काढला, त्यावर बरोबर अडीच लाखांचा आकडा आला. कॉलेजच्या खिडकीवर सांगण्यात आले, "अडीच लाखांच्या आत पाहिजे, तुमचे पूर्ण अडीच आहेत. बसत नाही." गृहस्थ काही न बोलता घरी आले. साहेबाने सांगितले म्हणजे तसेच असणार, ही आपल्या मागच्या पिढीची सवय. मुलगी आमच्या अभ्यासिकेत येते. तिने सूचनेची प्रत काढली, 'अधिक नसावे' या शब्दांखाली रेघ मारली आणि कागदाच्या पाठीमागे संख्यारेषा काढली. अडीच लाखांवर भरीव टिंब. दुसऱ्या दिवशी बापाला सोबत घेऊन त्याच खिडकीवर गेली. "सर, अधिक नसावे म्हणजे तेवढे असले तर चालते ना?" एवढेच विचारले. आवाज चढवला नाही. खिडकीतल्या माणसाने कागद दोनदा वाचला आणि अर्ज ठेवून घेतला.

मी स्वतः कारकून आहे. टेबलाच्या त्या बाजूचा माणूस दरवेळी वाईट असतो असे नाही. दिवसभरात शेकडो कागद हातांखालून जातात, तोही घाईने वाचतो. पण त्याच्या घाईची किंमत आपल्या मुलीच्या वर्षाने चुकवायची नसते. कायद्याचा शब्द पुढे ठेवला की बहुतेक वेळा काम होते. नाही झाले तर नकार लेखी मागावा. लेखी नकारात कारण द्यावे लागते, आणि कारण लिहिताना माणूस नियम पुन्हा वाचतो.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. उत्पन्न २,५०,००१ असेल तर टिंबाच्या उजवीकडे गेलो, मग या योजनेचा हट्ट धरता येणार नाही. पण म्हणून निराश होऊन शिक्षण सोडायचे नाही. अडीच लाखांच्या वर उत्पन्न असलेल्या अनुसूचित जातीच्या घरांतील मुलांसाठी आपल्या राज्यात फ्रीशिपची वेगळी योजना आहे. एक रेघ संपते तिथे दुसरी सुरू होते का, हे पाहणे हासुद्धा या धड्याचाच भाग आहे.

टिंब सरकते तेव्हा

राज्यघटनेच्या ३२६ व्या कलमात मतदाराच्या वयाची अट आहे. आधी ते वय २१ होते. ६१ व्या घटनादुरुस्तीने ते १८ केले आणि ती २८ मार्च १९८९ पासून लागू झाली. शब्द 'अठरा वर्षांपेक्षा कमी नाही' या अर्थाचे आहेत. म्हणजे भरीव टिंब २१ वरून तीन घरे डावीकडे सरकून १८ वर आले आणि मधल्या वयाची सगळी तरुण मंडळी मतदार झाली. त्याआधीचा काळ पाहा. १९३५ च्या कायद्याखाली मताचा हक्क मालमत्ता, कर आणि शिक्षण अशा अटींवर मिळत होता. आपल्या आज्या-पणज्यांसाठी ते टिंब इतके उजवीकडे होते की आयुष्यभर चालूनही तिथे पोचता आले नसते. घटनेने ती रेषाच पुसली आणि वयाची रेषा आणली, जिच्यावर प्रत्येक माणूस आपोआप पुढे चालत असतो.

त्याच रेषेवर आणखी तीन भरीव टिंबे आहेत : लोकसभेसाठी २५, राज्यसभेसाठी ३०, राष्ट्रपतिपदासाठी ३५. मुलांना एका रेषेवर ही चारही काढायला सांगा. गणित होईल आणि नागरिकशास्त्रही.

'आणि' व 'किंवा'

पुष्कळदा अट दोन्ही बाजूंनी असते. राज्य शासनाच्या सेवेत सरळ भरतीसाठी २०१६ पासून सर्वसाधारणपणे वयाची कमाल मर्यादा खुल्या वर्गाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ आहे. समजा जाहिरातीत १८ पेक्षा कमी नसावे आणि ४३ पेक्षा अधिक नसावे असे आहे. तर १८ ≤ क्ष ≤ ४३. दोन्ही टोकांना भरीव टिंबे, मधली रेघ ठळक. पण वयाला मधले आकडे असतात हे विसरू नका. ४३ वर्षे आणि एक दिवस ही जागा टिंबाच्या उजवीकडे आहे. म्हणून जाहिरातीत वय कोणत्या तारखेला मोजायचे ते दिलेले असते, ती तारीख आधी पाहावी.

'किंवा'चे उदाहरण दवाखान्यातले. बाळांना टोचायच्या लसी आरोग्यकेंद्रात २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवतात. २ ≤ क्ष ≤ ८ हा सुरक्षित भाग. धोका कुठे? क्ष < २ किंवा क्ष > ८. चित्रात २ वर पोकळ टिंब आणि रेघ डावीकडे, ८ वर पोकळ टिंब आणि रेघ उजवीकडे, मधला भाग मोकळा. 'आणि' असेल तर जिथे दोन्ही रेघा एकमेकींवर येतात तेवढाच भाग. 'किंवा' असेल तर दोन्ही भाग.

चिन्ह उलटे का होते?

मुले सर्वांत जास्त इथे चुकतात. कोणाकडून २०,००० रुपये बिनव्याजी उसने घेतले. महिन्याला १,५०० फेडतो. देणे ५,००० किंवा त्याहून कमी केव्हा होईल? महिने म्हणजे क्ष.

२०,००० − १,५००क्ष ≤ ५,०००
−१,५००क्ष ≤ −१५,०००

आता दोन्ही बाजूंना −१,५०० ने भागायचे. ऋण संख्येने भागले किंवा गुणले की चिन्ह उलटते : क्ष ≥ १०. म्हणजे दहाव्या महिन्यापासून पुढे. कारण वर आलेच आहे. ३ हा ५ पेक्षा लहान, पण −३ हा −५ पेक्षा मोठा. ऋण चिन्ह लावले की शून्याच्या एका बाजूचे आकडे दुसऱ्या बाजूला जातात आणि त्यांचा क्रम उलटतो.

चिन्ह उलटायला विसरलो तर क्ष ≤ १० येईल. खरे की खोटे हे कसे ओळखायचे? ठळक भागातला एक आकडा घेऊन मूळ वाक्यात घालायचा. क्ष = १ घाला. एक महिना फेडले तर देणे १८,५०० राहते, ते ५,००० च्या खाली नाही. म्हणजे चुकले. ही एका आकड्याची तपासणी प्रत्येक गणिताखाली करायची सवय मुलांना लावा. त्यासाठी क्लासची फी भरावी लागत नाही.

या आठवड्याचा अभ्यास

चाळीच्या गॅलरीत किंवा घरातल्या फरशीवर खडूने संख्यारेषा काढा. धाकट्यांना तिच्यावर उभे करा. आईने अट वाचायची, मुलांनी आपापल्या जागेवर जायचे. "क्ष चारपेक्षा अधिक नसावा!" म्हटले की चारवर उभा असलेल्याने तिथून हलायचे नाही. शाळेत न गेलेल्या आजीलाही या खेळात पंच होता येते.

मोठ्यांनी वहीत पाच गणिते सोडवून संख्यारेषेवर दाखवावीत :

१) क्ष + ४ < ९
२) ३क्ष ≥ १२
३) −२क्ष > ६
४) एका खोलीत कमाल ४५ मुले बसू शकतात. मुलांची संख्या दाखवा. रेघ की टिंबे?
५) एस.टी.त ६५ वर्षे व त्यावरील, पण ७५ पेक्षा कमी वयाच्या ज्येष्ठांना अर्धे तिकीट. ऑगस्ट २०२२ पासून ७५ व त्यावरील ज्येष्ठांना मोफत प्रवास. दोन्ही गट एकाच रेषेवर काढा. पंच्याहत्तराव्या वाढदिवशी आजोबा कोणत्या गटात?

उत्तरे : १) क्ष < ५, पोकळ टिंब. २) क्ष ≥ ४, भरीव टिंब. ३) क्ष < −३, पोकळ टिंब, चिन्ह उलटले का पाहा. ४) ० पासून ४५ पर्यंत सुटी टिंबे. ५) ६५ ≤ क्ष < ७५ आणि क्ष ≥ ७५, वाढदिवशी आजोबांचा प्रवास मोफत.

आणि घरात एखादा अर्ज भरायचा राहिला असेल तर तो आज रात्री काढा. त्यातली प्रत्येक अट मुलांकडून मोठ्याने वाचून घ्या आणि तिच्यापुढे पेन्सिलीने टिंब काढायला सांगा : पोकळ की भरीव?